ते गारदी तेवढे काढून ठेवा की!

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच हात घाला. पण हात घातलात तर शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यातून उठून कमेंटमध्ये येणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

गेल्या दिवाळीत इथे सांगलीत एका मंडळानं किल्ले स्पर्धेसोबत छोटंसं प्रदर्शन ठेवलं होतं. किल्ले मुलांचे आणि एका टेबलावर माझं पानिपत. पानिपत म्हणजे चित्र नव्हे. आठ फूट बाय पाच फुटांचं टेबल, त्यावर मातकट कापड, आणि त्या कापडावर मी आठ-नऊ वर्षं रात्री जागून रंगवलेली मराठी फौज. एक शिपाई पंधरा मिलिमीटर उंच. करंगळीच्या पेराहून लहान. असे सातशे.

आदल्या रात्री मांडणी पुरी झाली. मंडळाचा अध्यक्ष आला, टेबलाभोवती दोन चकरा मारल्या, मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाला, "काका, नादच खुळा! एकदम भारी. फक्त ते गारदी तेवढे काढून ठेवा की. आणि हे मागं बायका, बैलं, पालं मांडलीयत, तेबी काढा. लोक उगं विचारत बसतात."

मी म्हणालो, "अरे, गारदी काढले तर डावी बाजू कोण धरणार?"

"तिथं आपले मावळे सरकवा की."

मी त्याला म्हणालो की सातशे राहतील, नाहीतर एकही नाही. तो म्हणाला, वरून सांगितलंय, माझ्या हातात नाही. मग एकही नाही राहिला. रात्री साडेअकराला मी एकेक बेस उचलून पेटीत भरला आणि घरी आलो.

वर्षभर गप्प होतो. आता पुन्हा दिवाळी आलीय, पुन्हा मंडळाचा फोन आलाय, आणि पुन्हा तीच अट आहे. म्हणून लिहितो. मंडळाचं नाव घेणार नाही, त्या पोराचंही नाही. का नाही, ते शेवटी सांगतो.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो, कारण "काका, ह्या वयात बाहुल्या?" हा प्रश्न मी शंभरदा ऐकलाय. टेबलावर ऐतिहासिक लढाई मांडून, टेप आणि फासे घेऊन, नियमांनी खेळायची, असा हा छंद आहे. त्याचं मूळ गमतीत नाही. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली असाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आणला. पुढे एच. जी. वेल्स या लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांची लढाई कशी खेळायची यावर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हा खेळ तीन-चारदा खेळलात की खरं युद्ध किती गबाळं आणि मूर्खपणाचं असतं ते कळतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. त्याचं ऐकलं कुणी नाही, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

मी पेशानं हिशेबनीस. लहानपणी सगळ्यांसारखेच किल्ले केले, हळीव पेरले, मातीचे मावळे मांडले. २०१६ साली या छंदात पडलो आणि ठरवलं, आपण आपली फौज करायची. नेपोलियनची फौज हवी असेल तर जगभर हजार साचे मिळतात. पानिपतची मराठी फौज पुरी अशी कुठे मिळाली नाही. मग कुठले तुर्की स्वार, कुठले मुघल प्यादे असे कथिलाचे शिपाई जमवले, त्यांची डोकी कापली आणि एम-सीलची बारीक वळी करून सुईच्या टोकानं मुंडासं बांधलं. एका मुंडाशाला दहा मिनिटं. मग प्रायमर, मूळ रंग, सावलीसाठी पातळ वॉश, उठावासाठी कोरड्या कुंचल्याचा हात, वार्निश, आणि शेवटी बेसवर वाळू-माती. एका स्वाराला घोड्यासकट दीड तास. हिशेब तुम्हीच करा.

आता मुद्दा. हातात कुंचला घेतला की भाषण देता येत नाही. भाषणात "लाखभर मराठे पानिपतावर लढले" एवढं म्हटलं की टाळी मिळते. कुंचला घेतलेल्या माणसाला विचारावं लागतं: किती स्वार? किती प्यादे? प्याद्याच्या हातात तोड्याची बंदूक की चकमकीची? घोडा कुणाच्या मालकीचा? तोफ ओढायला बैल किती, आणि त्या बैलांना वैरण कुठली? एकेका उत्तरासाठी आठवडा जातो. आणि उत्तर मिळालं की ते आवडो न आवडो, रंगवावं लागतं.

मी मोजणीसाठी काशिराजाचा वृत्तांत धरला. काशिराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला दक्षिणी पंडित. लढाई त्यानं पलीकडच्या बाजूनं डोळ्यांनी पाहिली आणि जवळजवळ वीस वर्षांनी फारसीत लिहून काढली. इतर अभ्यासक आकडे कमीजास्त धरतात, पण कुठलीतरी एक यादी धरल्याशिवाय टेबल मांडता येत नाही. त्याच्या यादीत मराठ्यांचे पंचावन्न हजार स्वार आणि पंधरा हजार प्यादे आहेत. मी शंभर माणसांमागे एक शिपाई असं प्रमाण धरलं. म्हणजे ५५० स्वार, १५० प्यादे. एकूण ७००. पेंढारी आणि बुणगे वेगळे.

आता त्या दीडशे प्याद्यांत गारदी किती? त्याच यादीप्रमाणे इब्राहिमखान गारद्याकडे नऊ हजार बंदूकवाले, दोन हजार स्वार आणि चाळीस तोफा. म्हणजे माझ्या टेबलावर दीडशेपैकी नव्वद प्यादे गारदी. शंभरातले साठ.

म्हणून "गारदी तेवढे काढा" हे वाक्य किती साधं वाटतं बघा. त्याचा अर्थ आहे, पायदळातली साठ टक्के माणसं काढा. १४ जानेवारी १७६१ला मराठी फौजेच्या डाव्या टोकाला इब्राहिमखान उभा होता. मधे भाऊसाहेब आणि विश्वासराव, उजव्या हाताला शिंदे-होळकर. गारदी उचलले की टेबलाचं डावं टोक मोकळं पडतं. समोर रोहिले उभे, आणि इकडे नुसतं कापड.

"तिथं मावळे सरकवा." कुठले मावळे, राजा? मावळे हा शब्द शिवरायांच्या मावळातल्या पायदळाचा. त्याला पानिपतच्या वेळी शंभर वर्षं होत आली होती. पानिपतावरची फौज मुख्यतः घोड्यावरची. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावरचा, बारगीर म्हणजे दुसऱ्यानं दिलेल्या घोड्यावरचा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटी मेली. असा माणूस समोरच्या बंदुकांच्या भिंतीवर घोडा घालताना दोनदा विचार करणारच. त्याला भित्रा म्हणू नका, त्याच्या घरी कर्ज होतं. पण हे कळायला "मावळा" नावाचा एकच भगवा साचा बाजूला ठेवावा लागतो. एकाच साच्यातून काढलेले, एकाच रंगाचे, एकाच हातात एकच तलवार असलेले शंभर पुतळे म्हणजे फौज नव्हे.

आता पहिला आक्षेप. "गारदी पैशासाठी लढले. भाडोत्री होते." हो, पैशासाठी लढले. इब्राहिमखान बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झाला, आधी निजामाच्या चाकरीत होता, मग पेशव्यांच्या चाकरीत आला. पगार वेळेवर मागायचा म्हणून भाऊसाहेब त्याच्यावर नाराज असत, असं काशिराजच सांगतो. पण त्या मैदानावर पैशाशिवाय कोण होतं? सरदारांना सरंजाम होते, शिलेदारांना तैनात होती. पैसा पुरेना म्हणून भाऊसाहेबांना दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. पोटाशिवाय लढणारी फौज मला जगाच्या इतिहासात दाखवा, मी तिचे शिपाई फुकट रंगवून देतो.

आणि काशिराजानं पुढे जे लिहिलंय ते माझ्या त्या नव्वद शिपायांपेक्षा वजनदार आहे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंपुढे आला. पगारासाठी मी तगादा लावतो म्हणून तुमचा राग आहे, या महिन्याचा पगार तर मिळालेलाच नाही, पण असू दे, आज आम्ही फुकट खात नव्हतो हे दाखवून देतो, अशा आशयाचं बोलला. आणि गेला. त्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली आणि त्यात त्या स्वतःही जवळजवळ संपल्या. तो जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. थकलेल्या पगारावर मेलेल्या माणसाला तुम्ही भाडोत्री म्हणता. बरं.

दुसरा आक्षेप थोडा खोल आहे, आणि तो कुणी उघड बोलत नाही. "गारदी" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नारायणराव पेशव्यांचा खून येतो. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, "काका, मला वाचवा". शब्दच बदनाम झाला. पण त्या खुनातला पुढारी कोण? सुमेरसिंग गारदी. गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता. फ्रेंच 'गार्द' या शब्दावरून आलेलं ते कवायती शिपायाचं नाव. त्यात सुमेरसिंगही होता आणि इब्राहिमखानही. एक खुनी निघाला, एक रणात लढता लढता सापडला. दोघांना एका शब्दात कोंबून दोघांनाही टेबलावरून खाली उतरवायचं, हा कुठला न्याय?

इथपर्यंत वाचून काही मित्र खूश झाले असतील. "वा, अध्यक्षाला बरोबर सुनावलं." थांबा, तुमच्यासाठीही आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला काही पुरोगामी मंडळी इब्राहिमखानाचं चित्र टाकतात आणि खाली एकात्मतेवर चार ओळी लिहितात. त्यांना मी विचारतो, तुम्हाला इब्राहिमखान हवाय की प्रमाणपत्र हवंय? कारण तो माणूस एकात्मतेचा निबंध लिहायला पानिपतावर गेला नव्हता. तो आपल्या कामात वाकबगार होता, आपल्या माणसांच्या पगारासाठी धन्याशी भांडत होता, आणि दिलेला शब्द त्यानं पाळला. हे एवढं पुरेसं मोठं आहे. त्याला आपल्या आजच्या भांडणातला साक्षीदार करू नका. तुम्हीही त्याला साच्यातच ओतताय, फक्त तुमचा रंग वेगळा.

आणि दोन्ही बाजूंनी एकदा पलीकडचं टेबल बघा. अब्दालीची फौज माझ्या एका मित्रानं केलीय. तिच्यात अफगाण स्वार आहेत, उंटांवरचे जंबुरके आहेत, नजीबखानाचे रोहिले आहेत. आणि शुजाच्या तळात अंगाला राख फासलेले नागा गोसावी आहेत, अनुपगिर गोसाव्याचे. हो, अब्दालीच्या बाजूला. मित्रानं ते रंगवले तेव्हा मीही त्याला विचारलं होतं, "हे नक्की?" नक्की. आणि त्याच तळातल्या मंडळींनी, शुजानं आणि त्याच्या पदरच्या हिंदूंनी, विश्वासरावांच्या देहाला रीतसर अग्नी मिळावा म्हणून खटपट केली. आता या मैदानाची दोन रंगांत वाटणी करून दाखवा. मी प्रयत्न केला. रंगांच्या डब्या कमी पडल्या.

अध्यक्षाची दुसरी मागणी होती बायका, बैल आणि पालं काढायची. माझ्या मते ही मागणी पहिलीपेक्षा वाईट.

फौज मार्च १७६०मध्ये दक्षिणेतून निघाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ती पानिपतावर अडकून पडली. सोबत बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः तिथे होत्या. डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. माणसं उपाशी, जनावरं उपाशी. लढाई त्या दिवशी झाली ती मुहूर्त होता म्हणून नव्हे. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असं ठरलं म्हणून झाली.

हे रंगवायचं कसं? दुकानात मिळणारा प्रत्येक घोडा गुबगुबीत असतो, मान उंचावलेला, शेपूट फुलवलेला. उपाशी घोड्याचा साचा कुणी करत नाही, कारण तो कुणी विकत घेत नाही. मी बारीक कानस घेतली आणि घोड्यांच्या कुशी घासल्या. दोनशेच्या वर घोडे झाले, मग बोटांनी साथ सोडली. बरगड्यांच्या खाचांत काळपट वॉश दिला. कपडे मळकट केले, कारण दहा महिन्यांच्या मोहिमेनंतर कुणाचं मुंडासं पांढरं राहत नाही, भगवंही राहत नाही. झेंडे मात्र मी मन लावून रंगवलेत. भगवाही आणि जरीपटकाही. अभिमान मलाही आहे, तो काही कुणा मंडळाकडून उसना आणलेला नाही.

आणि चेहरे. काशिराज लिहितो की त्या सकाळी मराठे बाहेर पडले तेव्हा पागोट्यांचे शेव सोडलेले होते आणि हातातोंडाला हळद फासलेली होती. मरायचं ठरवून निघालेली माणसं. मी सातशे चेहऱ्यांवर पिवळ्याचा अगदी पातळ हात फिरवलाय. एकेक करून. त्याला एक अख्खा पावसाळा गेला. मांडणी बघायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "ह्यांना कावीळ झालीय का हो?" मला त्यांचा राग आला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझा राग आहे तो ज्यांना माहीत आहे आणि तरी काढून टाका म्हणतात त्यांच्यावर. "उदास दिसतं, काका. दिवाळी आहे." अरे, पानिपत आहे ते! उदास नाही दिसणार तर काय आकाशकंदील दिसणार? हुतात्मे हवेत, पण त्यांची भूक नको. तलवार हवी, पण तलवार धरणाऱ्याच्या पोटात काही नव्हतं हे नको. असला अभिमान म्हणजे लग्नात वाढप्याला मागच्या दारानं जायला सांगण्यातला प्रकार.

आता माझ्यावरचा आक्षेपही घेतो, कारण तो खरा आहे. "इतकी माणसं मेली आणि तुम्ही फासे टाकून खेळता?" हा प्रश्न मला रात्री पडतो. त्याचं उत्तर माझ्याकडे टाळीचं नाही. एक अनुभव आहे.

ही लढाई आम्ही टेबलावर अकरा वेळा खेळलो. एकदा माझ्या पुतणीला, नववीतल्या पोरीला, डाव्या बाजूच्या स्वारांवर बसवलं. विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार, गारद्यांच्या शेजारचे. नियम असा की गारदी एका डावात सहा इंच सरकतात, कारण रांग मोडून चालत नाही. घोडे बारा इंच. स्वारांनी गारद्यांच्या चालीनं चालायचं असतं, नाहीतर गारद्यांची बाजू उघडी पडते. चौथ्या डावाला पोरीनं घोडे पुढे सोडले. समोरून बंदुका वाजल्या, घोडे फिरले, गारदी एकटे पडले आणि घेरले गेले. मी विचारलं, "का गं सोडलेस?" म्हणाली, "काका, मला थांबवेना. ते फार हळू चालत होते."

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं जातं की विंचूरकर-गायकवाडांचे स्वार अधीर झाले आणि गोल मोडला. आम्ही त्यांना नावं ठेवत आलो. त्या दिवशी एका चौदा वर्षांच्या मुलीला कळलं, आणि तिच्यामुळे मला कळलं, की तो कुणाच्या रक्तातला दोष नव्हता. दोन वेगवेगळ्या चालींच्या फौजा एका गोलात चालवायच्या होत्या. मल्हारराव गनिमी काव्याच्या बाजूनं, भाऊसाहेब तोफा आणि गारद्यांच्या बाजूनं, आणि हा वाद मिटवायला पुरेसा सराव नाही, पुरेसा वेळ नाही, पुरेसं धान्य नाही. यात फितूर कुठे आला? भित्रा कुठे आला? पानिपतवर अडीचशे वर्षं आपण फितुराचा शोध घेतोय, कारण फितूर सापडला की हिशेब करावा लागत नाही.

आणि गारदी टेबलावर नसते तर ती मुलगी हे शिकलीच नसती. डाव्या टोकाला मावळे सरकवले असते तर घोड्यांना कुणासाठी थांबायचं होतं? गारदी काढले की पराभवाचं कारणही काढलं जातं. मग उरतं काय? दुर्दैव आणि गद्दारी. ज्या समाजाला आपल्या पराभवाची कारणं मोजता येत नाहीत, तो पुढचा पराभवही तसाच पदरात घेतो आणि पुन्हा गद्दार शोधत बसतो.

आता त्या पोराचं नाव का घेत नाही ते सांगतो.

ऑगस्ट २०१९. महापूर. आमच्या गल्लीत छातीभर पाणी. माझी आई तेव्हा ब्याऐंशीची, तिला उठवत नव्हतं. हेच पोरगं चार मित्र घेऊन आलं, आईला पाठीवर घेतलं आणि बोटीपर्यंत नेलं. परत आलं आणि म्हणालं, "काका, आणि काय काढायचंय? एकच खेप होईल." मी लाजत पत्र्याची पेटी दाखवली. त्यानं विचारलंही नाही आत काय आहे ते. डोक्यावर घेतली आणि निघाला. वजन होतं, कथिल होतं आत. तेव्हा माझे फक्त गारदी पुरे झाले होते, घोडेस्वारांना हातही लागला नव्हता. म्हणजे नव्वदच्या नव्वद गारदी त्यानं स्वतःच्या डोक्यावरून पुराच्या पाण्यातून काढले. खांद्याला खांदा लावून बोट ओढणाऱ्या चौघांत कोण कोण होतं, कुठल्या कुठल्या गल्लीतलं होतं, हे त्या दिवशी त्यानं कुणाला विचारलं नाही.

म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो वाईट नाही. त्याला "वरून" सांगणारे कोण आहेत ते मला माहीत नाही, आणि मला वाटतं त्यालाही नीट माहीत नाही. पण इतकं नक्की, की पुराच्या पाण्यात त्याची अक्कल ठिकाणावर होती आणि मांडवात ती हरवते. हा त्याचा एकट्याचा आजार नाही. आपल्या सगळ्यांचा आहे. संकटात आपण माणसं मोजतो आणि सणाला रंग मोजतो.

तर या वर्षीचं माझं उत्तर मंडळाला इथेच देतो. सातशे, नाहीतर एकही नाही. बुणग्यांसकट, बैलांसकट, पिवळ्या चेहऱ्यांसकट. मंडपात जागा नसेल तर माझ्या घराचं पार्किंग आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत संध्याकाळी सहा ते नऊ टेबल मांडलेलं असेल. पोरांना घेऊन या. हात लावू देईन. फक्त आधी मोजायला लावीन.

आणि किल्ले करणाऱ्या मुलांच्या आईबापांना एक विनंती. बाजारात मावळ्यांसोबत गवळण मिळते, दळणारी बाई मिळते, भाजीवाली मिळते. ती घ्याच, कारण किल्ल्यावर कुणीतरी दळल्याशिवाय कुणी लढत नसतं, हे आपल्या कुंभारांना आपल्यापेक्षा आधी कळलंय. आणि जमलं तर एखाद्या मावळ्याचं पागोटं वेगळ्या रंगानं रंगवा, हातात मातीची बंदूक द्या, आणि पोरानं विचारलं "हा कोण?" तर खरं सांगा. पोरं घाबरत नाहीत. घाबरतो आपण.

अध्यक्षसाहेब, तुम्हीही या. पेटी माडीवरून खाली आणायची आहे आणि माझी पाठ आता पूर्वीसारखी राहिली नाही. वजन तुम्हाला माहीत आहे.

(पोस्ट शेअर करायची असेल तर जशीच्या तशी करा, काटछाट न करता. काटछाटीचाच तर विषय आहे.)